उवांचं औषध

१० मे, रविवार. ऋचाच्या उवा काढायच्या म्हणून मी फणी, खोबरेल आणि जुना पांढरा पंचा घेऊन बसले. ऋचा ही माझ्या बहिणीची दहा वर्षांची मुलगी, दुपारीच सुटीला आली होती. तिन्हीसांज झालेली पाहून म्हटलं, "आधी देवाजवळ दिवा लाव गं." ती काडेपेटी घेऊन देव्हाऱ्यापुढे वाकली आणि मला रॉकेलचा वास आला. तिच्या वेणीतून.

मी काडेपेटी हिसकावली. "आईनं लावलंय, मावशी," ती रडवेली झाली. "उवा मरतात."

बहिणीला फोन केला. "एवढं काय त्यात? आपल्यालाही आई लावायचीच की! मेलो का आपण?"

नाही मेलो. तसंच डोकं घेऊन चुलीपुढे बसायचो, तरी नाही. एखादी ठिणगी चुकली असेल, एवढंच. घरगुती उपाय त्यांतून जगली-वाचलेली माणसंच सांगतात; जी गेली, त्यांना कोण विचारणार?

तिचे केस दोनदा धुतले. मग पंचा अंथरून फणी फिरवली.

सकाळी पूजेला बसले. ऋचा पलीकडच्या खोलीत झोपली होती. मी उठून त्या खोलीचं दार लावून घेतलं आणि मगच काडी ओढली.