मांडीवरचं लेकरू
टर्पेंटाइनचा वास आला की मला अकोल्यातला सायबर कॅफे आठवतो. कापूस बुडाला, बाजार बसला, तसं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या, कायम टर्पेंटाइनचा वास येणाऱ्या आमच्या चाचांचं काम आटलं. मी ऐटीत म्हटलं, "चला चाचा, फुकटात तुमाले युरोप दाखवतो!" एका युरोपीय संग्रहालयाच्या वेबसाइटवरचं 'चित्रांतल्या स्त्रिया' हे दालन उघडलं. एक चित्र वरून पट्टीपट्टीनं उतरू लागलं. चेहरा दिसताच चाचा ताडकन उठले, "अरे, हे तं आमची बेगम!" ती बाळंतपणात बाळासकट गेली होती, फोटो एकही नव्हता. "रुक, मांडीवर लेकरू हाय का पाहू दे." तेवढ्यात भारनियमनात लाईन गेली. चाचा काळ्या पडद्यापुढून हलेनात. मी जन्माचा थापाड्या, म्हटलं, "होतं ना चाचा, मी पाहिलं." काल तेच चित्र मोबाइलवर क्षणात उघडलं. मांडीवर नुसतं शिवायचं कापड होतं.