बंद दाराआडची सोयरीक

राज्यशास्त्र विभागात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. जगात कुठंही खुट्ट झालं की त्यावर व्याख्यान द्यायला आमच्याकडं कुणीतरी येतंच! मी तिथं आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवायचे. शेजारच्या टेबलावर पिशोर गावचे काळे सर. आणि पीएच.डी.ला आलेला हिशाम, अरब मुलखातला. त्याच्या देशाचं नाव लिहीत नाही, घरचे अजून तिथंच राहतात. थोरला भाऊ तर सरकारी पाहुणचार घेत होता. पेपरात सरकारविरुद्ध लेख लिहिला म्हणून तुरुंगात. त्याला सोडवायचं कसं, एवढाच विचार हिशामच्या डोक्यात असायचा. आमची बैठक विद्यापीठाच्या फाटकाबाहेर, करीमचाचांच्या चहाच्या टपरीवर. हिशाम बेगमपुऱ्यात त्यांच्याच माडीवर भाड्यानं राहायचा.

*

एकदा युरोपातल्या एका बड्या देशाचे एक अधिकारी लोकशाहीवर बोलायला आले. काळे सरांनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही हिशामच्या सरकारला शस्त्रं विकता आणि इथं मानवी हक्कांवर बोलता, हे कसं जमतं?"

"मैत्री अशी नाही म्हणता येणार," पाहुणे म्हणाले. "आमचा त्यांच्याशी विधायक संवाद चालू आहे."

काळे सर माझ्याकडं झुकून पुटपुटले, "म्हंजी सोयरीक ठरलीय, फकस्त पत्रिका छापायची नाय."

मी हसू खोकल्यात लपवलं.

*

व्याख्यान संपल्यावर हिशामनं पाहुण्यांना गाठलं आणि भावाचं नाव सांगितलं. पाहुणे भला माणूस, चेहरा गंभीर केला. म्हणाले, "आम्ही असे विषय जाहीर बोलत नाही. बंद दाराआड मांडतो."

हिशाम म्हणाला, "माझा भाऊपण बंद दाराआडच आहे, सर. दिसला तर सलाम सांगा."

पाहुण्यांनी त्याच्याशी हात मिळवला आणि जेवायला गेले.

*

पुढं हिशामच्या गावात मोर्चा निघाला, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. बहिणीनं रिकाम्या नळकांड्याचा फोटो पाठवला. त्यावर पाहुण्यांच्या देशाचं नाव, आणि खाली इंग्रजी-अरबीत सूचना.

"अरबी कायकू?" चाचांनी विचारलं.

काळे सर म्हणाले, "ज्याच्या डोळ्यात जाणार, त्यालाबी वाचता यायला पायजे ना."

हिशाम हसला. पण चहा त्यानं तसाच ठेवला.

*

मग हिशामला त्याच देशातून परिषदेचं बोलावणं आलं. विषय, तुरुंगातले लेखक! व्हिसा नाकारला. कारण असं, की तुमच्या देशातली परिस्थिती बघता तुम्ही परत जाल असं वाटत नाही.

त्याच आठवड्यात त्या देशाचे मंत्री हिशामच्या हुकूमशहाशेजारी उभे राहून टीव्हीवर सांगत होते, इथली परिस्थिती खूप सुधारली आहे.

काळे सर म्हणाले, "त्या मंत्र्याला व्हिसाच्या खिडकीत बसवा अन् खिडकीवाल्याला करा मंत्री. म्हंजी याला व्हिसाबी मिळंल अन् टीव्हीवर खरंबी ऐकाया मिळंल."

हे आम्हाला इतकं आवडलं, की महिनाभर ज्याला त्याला ऐकवत होतो. हिशामला ते किती लागत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

*

आणि एके दिवशी भाऊ सुटला.

पाहुण्यांच्या देशाचे पंतप्रधान हिशामच्या देशात विमानं विकायला गेले होते. करार झाला आणि त्या आनंदात तिथल्या सरकारनं काही कैदी सोडले. आमच्या पाहुण्यांनी विभागाला आवर्जून ईमेल केली, संवादाला यश आलं. हिशाम टपरीवरूनच भावाशी बोलला, फोन स्पीकरवर ठेवून. दोघंही रडत होते. मलाही रडू आवरेना.

चाचांना राहवलं नाही. त्यांनी फोन ओढून घेतला आणि ओरडले, "बेटा, अब फिकर नक्को करो!"

मग भावानं हिशामला अरबीत काहीतरी विचारलं. हिशामनं उत्तर दिलं, त्यावर भाऊ काहीतरी बोलला आणि हिशामचा चेहराच उतरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"नक्को म्हणजे काय विचारत होता. मी सांगितलं, करू नको."

"आणि फिकर?"

"तो शब्द त्याला कळला, मॅडम. आमच्या अरबीत फिक्र म्हणजे विचार करणं."

"मग काय म्हणाला?"

हिशामनं चाचांकडून फोन घेऊन खिशात ठेवला.

"म्हणाला, चाचांना सांग, तसं लिहून दिलं तेव्हाच सोडलं मला."