मेंढरांचा सराव

दरसाल दिवाळी झाली की शिरूर कासारचा बंकट साठ मेंढरं घेऊन केजच्या शिवारात उतरायचा. गुरुलिंगआप्पांच्या रानात मेंढरं बसवायची. आप्पांना लेंडीखत, बंकटला ज्वारी. बारा वर्षांचा रिवाज. माणूस इतका शांत, की मेंढरू हरवलं तरी आधी चिलीम ओढणार, मग उठणार.

यंदा मात्र आभाळात लढाऊ विमानांचा सराव सुरू झाला. दोन विमानं एकमेकांच्या मागं लागायची आणि तो आवाज ऐकून मेंढरं दाही दिशांना पांगायची. दोनदा ती हरभऱ्यात घुसली. केजात किराणा दुकान चालवणारे आप्पा खवळले.

"बंकट, पुढल्या आठवड्यातल्या सोमवारी मी स्वतः येतो. एक जरी मेंढरू उधळलं, तर पुढच्या साली दुसरा मेंढका बघीन."

बंकटने आयुष्यात पहिल्यांदा चिलीम अर्धी टाकली.

"इमानवाल्यांनी सराव करावा, मंग आपल्या मेंढरांनी बी करावा की! त्यांनी काय घोडं मारलंय?"

"इमान कोन व्हनार?" दगडाबाईने विचारलं.

बंकटने बायकोकडेच बोट दाखवलं.

"मी? कावून?"

"मी झालो असतो, पर आवाज तुझा लई मोठा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाई दोन्ही काखांत सुपं धरून 'घुर्रऽऽ' करत कळपाभोवती पळू लागली. मागून बंकट पत्रा बडवायचा आणि लगेच बाजरी फेकायचा.

"अगं, जरा तिरपी वळ! इमान असं सरळ वळतंय व्हय?"

"तेल संपलं माझं," म्हणत दगडाबाई बांधावर बसली.

पहिले दोन दिवस मेंढरं पळाली. आठव्या दिवशी मात्र 'घुर्रऽऽ' ऐकलं की साठही तोंडं वर व्हायची आणि बाजरीची वाट बघायची.

सोमवारी आप्पा पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात आले. ते उभे राहतात न राहतात तोच डोक्यावरून दोन विमानं गेली. धरणी हादरली. साठ तोंडं वर झाली. एकही पाय हलला नाही.

रानातून उधळले ते एकटे आप्पा.

बंकट हरभऱ्यात पडलेली आप्पांची चप्पल उचलून ते लपले होते त्या बाभळीमागे गेला.

"आप्पा, एक बी मेंढरू हाललं न्हाई."

"बघितलं," आप्पा धापा टाकत म्हणाले. "पुढच्या साली बी हितंच बसव. पन हे गावात बोलू नको."

"छ्या! मी कावून बोलू?" बंकटने चप्पल पायाशी ठेवली. "तुमी फकस्त सकाळी सहाला येत जावा. दगडाबाई इमान व्हईल, बाजरी मी टाकतो. आठ दिवसांत तुमी बी जागचं हालणार न्हाई."