जाळी माझी, गाडी त्याची

आमच्या भावकीचा गणपती एकच, आणि मूर्ती घडतात त्या गणपतीच्या शाळेतून तो माझ्याच अँबॅसिडरमधून घरी यायचा. माझी शाळा चौथीत सुटली, पण गाडी मी कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही.

मग माझा धाकटा चुलतभाऊ मुंबईची नोकरी संपवून गावी आला, आणि येताना तसलीच अँबॅसिडर घेऊन आला. पांढरीशुभ्र. जगात दुसरी गाडी मिळाली नाही त्याला? तो ती दारात धुवायला लागला, की मी खिडकी लावून घ्यायचो. माझ्या गाडीची पुढची जाळी खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली, तारेने बांधलेली. त्याच्या जाळीचे दोनच दात पडलेले. तेवढेच देवाने बरे केले होते.

यंदा कळले, वैभववाडीतले जुन्या स्पेअरपार्टचे एक दुकान बंद होतेय आणि माळ्यावर अँबॅसिडरची कोरी जाळी निघालीय, कुठल्याच गाडीला न लागलेली. पहिली एसटी पकडली. बघतो तर भाऊ आधीच काउंटरला टेकून, भाव पाडत चहा पितोय.

"दादा, तू हंय? ती जाळी माझ्या गाडयेची..."

"तुझा नाव लिवला हा तेच्यार?"

जाळी मेणकागदात गुंडाळून सुतळीने बांधलेली. दुकानदार म्हणाला, "काका, उघडून तरी बघा." उघडली असती तर त्यानेही बघितली असती! मागितले तेवढे पैसे दिले आणि पुडके काखेत मारले.

"चल, घराक सोडतंय," भाऊ म्हणाला.

त्याच्या गाडीत बसायला माझे पाय मोडले नव्हते.

घरी येताच जुनी जाळी काढून भंगारवाल्याला दिली. मग कागद सोडला. काय चकाकत होती! पण माझ्या गाडीला बसेना. नाव तेच, पण माझी गाडी जुन्या तोंडाची, जाळी नंतरच्या तोंडाची. म्हणजे त्याच्या गाडीची. भंगारवाला तोवर गाव सोडून गेलेला.

गणपती जवळ आले. थोरली वहिनी अंगणात येऊन माझी गाडी बघून गेली. "असल्या बोडक्या तोंडाच्या गाडयेतसून गणपती येवचो नाय. सांगान ठेवतंय."

तिन्हीसांजेला भाऊ आला. "दादा, माझी गाडी नेतंय. गणपतीपुरती तरी जाळी दी."

"देतंय. पण गाडी मी चालवतलंय."

"आणि मी?"

"तू मागे बस. मूर्ती धर."

गणपती आला. हातात स्टिअरिंग माझ्या, पुढे जाळी माझी. रस्त्याकडेला लोक हात जोडत होते. पण त्याचे इंजिन इतके गुळगुळीत चालले होते, की मी उगाच हॉर्न वाजवत राहिलो.

आरती झाली, तसा पाना घेऊन गेलो आणि जाळी सोडवून आणली. ती माझ्या खाटेखाली आहे. बायको रोज म्हणते, "देवन टाका तेका एकदाची."

माझ्या गाडीला बसत नाही, हे खरे. म्हणून काय त्याच्या गाडीला बसू द्यायची?