नावापुढची तिरकी अक्षरं

मंगळवारी सकाळी वडील गेले. छापखान्यात, स्टुलावर बसल्या बसल्या.

कोपरगावातला तो छापखाना त्यांचाच. ते जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक वेचून ओळ जुळवायचे. लग्नपत्रिका मराठीत, पण नवरानवरीच्या नावापुढे कंसातली पदवी इंग्रजीतच हवी असायची. तिच्यासाठी वडिलांनी एक केस, म्हणजे कप्पे पाडलेली लाकडी पेटी, वेगळी राखली होती. तीत उजवीकडे झुकलेली इंग्रजी अक्षरं होती. रेघ उतरताना जाड, चढताना धाग्यासारखी बारीक, टोकाला इवलासा पाय. खिळा सरळ, अक्षर मात्र त्यावर तिरकं. एफचं डोकं तर खिळ्याच्या बाहेर यायचं. शेजारच्या अक्षराला लागून ते तुटू नये म्हणून वडील मध्ये पातळ पत्री घालायचे.

वडील सातवी शिकलेले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. तरी अख्ख्या तालुक्याच्या पदव्या त्यांनी जुळवल्या. माझा एम.ए.चा निकाल लागला त्या दिवशी माझं नाव आणि पुढे ती दोन तिरकी अक्षरं छापून त्यांनी कागद माझ्या हातात ठेवला.

तिसऱ्या दिवशी घरात दशक्रियेच्या पत्रिकेचा विषय निघाला. मी म्हटलं, त्यांच्या नावापुढे कंसात 'कंपोझिटर' येईल, इंग्रजीत, त्यांच्याच अक्षरांत. आणि ती मी जुळवणार.

काका, वडिलांचे धाकटे भाऊ, चिडले. "सुतकात दुकान उघडती व्हय? अन् त्यो सातवी. लोकं म्हनतील, पोरगी शिकली अन् मेलेल्या बापाला बी डिग्री चिकटवली."

"म्हणू देत. लोकांच्या डिग्र्या कुणी चिकटवल्या?"

"आगं, मी फ्लेक्स सांगून ठेवलाय. फोटो हाय, नाव हाय. लई झालं."

"फ्लेक्स लागणार नाही, काका."

मी कुलूप काढलं. काका मागोमाग आले, पण दारातच थांबले. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं दिसतं. तेवढा एक शब्द जुळवायला मला तास लागला. पहिला कागद छापून मी त्यांच्यापुढे धरला.

"एस उलटा बसलाय."

मला तो सरळच दिसत होता.

"वरचं पोट मोठं दिसतंय, बघ. खिळ्याची खाच बघत न्हाई का? समद्या खाचा एकीकडं." लहानपणी तेही याच केसपुढे बसले होते. चप्पल काढून ते आत आले. चिमट्याने एस उचलला, फिरवला, बसवला. "छाप आता. अन् शाई कमी घे."

दशक्रियेला गोदावरीच्या घाटावर एका पाहुण्याने पत्रिका डोळ्यांजवळ नेली. "ही कसली पदवी?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "त्याची हाय."

छापखान्याच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे. मराठी खिळे वितळवायला गेले. तिरक्या अक्षरांची केस मी दिली नाही. ती माझ्या खोलीत आहे.