वरचा दात

माझ्या मुलीच्या वरच्या हिरडीत पांढरं काही दिसलं, त्या दिवसापासून मी तिला दुसऱ्या कोणाच्या हातात दिलं नाही.

चैत्र चालू होता. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला, त्याला दीडेक वर्ष झालं होतं. मी तिला पायांवर घेऊन आंघोळ घालत होते. डोक्यावर पाणी पडलं तशी ती तोंड वासून रडली आणि वर, मधोमध, कातडीखाली तांदळाच्या कणीएवढं काही दिसलं. मी बोट फिरवून पाहिलं. वर टणक लागलं. खालची हिरडी मऊ होती, काहीच नव्हतं. सासूबाई समोर तांब्या घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून त्यांना दिसलं नाही.

"काय झालं व? पाणी ऊन लागलं काय पोट्टीले?"

"हौ," मी म्हटलं आणि अंगाचं पीठ न धुताच तिला लुगड्यात गुंडाळलं.

बाळाला आधी खालचे दात यावेत. वरचा आधी आला तर तो मामावर भारी, असं आमच्याकडे म्हणतात. माहेरी, लांजीला, आमच्या गल्लीतल्या एका पोराला वरचा दात आधी आला होता आणि त्याच पावसाळ्यात त्याचा मामा नाल्याच्या पुरात गेला. बायका या दोन्ही गोष्टी एका दमात सांगत. त्या नाल्यात दर पावसाळ्यात कोणी ना कोणी जायचं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

मला एकच भाऊ. आईच्या पाच लेकरांतली आम्ही दोघं राहिलो. वडील गेल्यावर दादा बैलगाडीने जंगलातून बांबू आणू लागला. घाटात गाड्या उलटत, वाघाचं भय असे. गाडी परत येईपर्यंत आई दारातून उठत नसे. अक्षयतृतीयेला तो मला माहेरी न्यायला येणार होता. तसं त्याचं कार्ड आलं होतं. घरात मी चौथी शिकलेली, म्हणून कार्ड मीच वाचून दाखवलं होतं. भाचीला पाहायला जीव आतुर झाला आहे, असं त्यात होतं. वाचताना केवढं बरं वाटलं होतं. आता ते कार्ड मी कपड्यांच्या घडीखाली सारून ठेवलं.

यावर काही करतात का, एवढं कोणाला विचारलं असतं तर झालं असतं. पण मला तोंड उघडता येत नसे. लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासूबाईंपुढे मी हौ आणि नाही यापलीकडे फारसं बोलले नव्हते. आणि विचारलं की कळणार, कळलं की लांजीच्या बसने निरोप जाणार, आणि मग आई दादाला माझ्या दाराशी येऊ देणार नाही. म्हणून मी मनाशी ठरवलं की वरचा दात बाहेर पडायच्या आत खालचा आणायचा.

आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा त्यात मला काही वेडेपणा दिसला नाही.

मी मांजरपाटाचा तुकडा बोटाला गुंडाळायची, त्याला मध लावायची आणि तिला घेऊन मागच्या अंगणातल्या सरपणाच्या खोपटात जायची. मधासाठी ती आनंदाने तोंड उघडायची. मग मी खालची हिरडी घासायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवे लागायच्या आधी एकदा. खालची कातडी पातळ झाली की दात लवकर वर येईल, असं माझं मीच ठरवलं होतं. ती किंचाळायची. मी म्हणायची, झालं गं, झालं, आणि घासतच राहायची.

दोन-तीन दिवसांत ती सारखीच रडू लागली. लाळेने तिची हनुवटी सोलून निघाली, जुलाब लागले, अंग तापलं. दात येताना सगळीच मुलं रडतात. त्यातलं दाताचं रडणं किती आणि माझ्या बोटाचं किती, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. आता कळून उपयोग नाही.

घरात तिला शांत करायला माणसं कमी नव्हती. सासूबाईंनी खारीक दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधली, चघळायला. त्या दोन्ही हात पुढे करायच्या.

"आण इकडे, मी पाह्यतो."

"राहू द्या, आत्याबाई. झोपेल आता."

"कोंबडीवाणी पदराखाली काहून लपवून राह्यली? घार बसली काय माथ्यावर?"

शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या काकी कुंपणावरून वाकायच्या. "दाँत होंगे, बहू। ला, मैं उँगली फिराके देखूँ।"

मी तिचं तोंड खांद्याशी दाबून उलट्या पावली आत जायची. मागून सासूबाईंचा आवाज यायचा, "तिच्या हातून लेकरू सुटन तवा न! तिचं सोन्याचं हाय. आम्ही तर गोटे जन्माले घातले."

ज्यांच्या हातात दिली असती तर तिला घटकाभर बरं वाटलं असतं, त्या सगळ्यांपासून मी तिला तोडलं. कारण तिला घेणारा प्रत्येक माणूस आधी तोंडात बोट घालणार होता.

एका संध्याकाळी तिचे वडील भाताच्या मिलमधून आले, रडणं ऐकत ओट्यावर बसले आणि म्हणाले, "उद्या सरकारी दवाखान्यात दाखवून ये. अन् तिथं तोंड उघडजो जरा. तुह्या मुकेपणाचं औषध नाही त्याइच्यापाशी."

मी गेले. बाया रांगेत बसल्या होत्या. पुढच्या बाईला नर्स म्हणाली, "बच्चे का मुँह खोलो।" त्या बाळाने जीभ बाहेर काढली, सगळ्या बाया वाकून पाहू लागल्या. माझा नंबर आला तेव्हा मी फाटकाबाहेर होते. घरी सांगितलं, गरमीचं आहे म्हणाल्या. लग्नानंतर नवऱ्याशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं.

सणाला दोन दिवस राहिले. दादा निघायच्या तयारीत असेल, आईने त्याच्याबरोबर शिदोरी बांधली असेल, असं सकाळपासून डोळ्यांपुढे येत होतं. त्या दिवशी मुलगी अंगावर प्यायली नाही. तोंडात घेई आणि ओरडून सोडून देई. माझी चोळी दुधाने भिजली. दुपारी मी तिला घेऊन खोपटात गेले, बोटाला तुकडा गुंडाळला, मध लावला आणि बोट तिच्यापुढे धरलं.

तिने बोट पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

मी बोट जवळ नेलं. तिने मान फिरवली. मी दुसऱ्या बाजूने नेलं, तिने मान तिकडून फिरवली. मग तिने तोंड माझ्या पदरात खुपसलं. सात महिन्यांचं लेकरू माझ्यापासून लपत होतं आणि लपायला त्याला मीच होते.

ती रडायला लागली तेव्हा मला तिचं तोंड उघडं दिसलं. खालची हिरडी लालबुंद सोललेली होती, एका जागी रक्त साकळलं होतं. दात नव्हताच. वरचा मात्र कातडी फाडून बाहेर आला होता, पांढरा, स्वच्छ.

मी बोटाला गुंडाळलेला तुकडा सोडला आणि घरात येऊन चुलीत टाकला. दादाला मनातल्या मनात म्हटलं, दादा, आता माझ्या हातात काही नाही राहिलं. तुझं काय व्हायचं ते होवो, मी हिला आणखी दुखवणार नाही. असं म्हणणारी बहीण कसली, असंही वाटलं. मग तिला माठाशी नेलं आणि तिचा गाल माठाच्या ओल्या पोटाला टेकवला. ती दचकली, हुंदका दिला आणि थांबली. मग दुसरा गाल टेकवला. इतक्या दिवसांत फक्त तिच्यासाठी असं मी एवढंच केलं. दिवस कलल्यावर ती थोडं दूध प्यायली.

दादा सणाच्या आदल्या दिवशी बसने आला. दारातूनच ओरडला, "बाई! कुठं हाय आमची भाची?"

"झोपली," मी म्हटलं.

आतून तिने भोकाड पसरलं.

"झोपेत लय मोठ्यानं गाते व तुही पोट्टी," तो म्हणाला आणि मी आडवी येईपर्यंत आत जाऊन तिला उचलून घेऊन आला. तिने त्याचं बोट धरून तोंडात घातलं.

"अरे बाप! चावली! मावशी, इले तर वरचा दात हाय!"

सासूबाई सूप बाजूला ठेवून उठल्या. "हौ काय? मंग तुह्यावरच आली न बला! जा, बजारातून काशाची वाटी आण. वाटीनं दाताले टिचकी मार, नारळ फोड, झालं."

"येवढंच? मले वाटलं बैलजोडी मागता."

"आमच्या भाच्यालेबी वरचाच आला होता आधी. मामानं, म्हंजे आमच्या मालकानं, वाटी देल्ली, अन् मंग चाळीस वर्षं मले घोर लावला त्या मामानं!"

दोघं हसले. एका वाटीची गोष्ट होती. दोन आठवडे ते उत्तर माझ्यापासून दहा पावलांवर सूप घेऊन बसलेलं होतं.

सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून बोटाने चाचपलं. वर चाचपून बोट खाली आलं तशी मुलगी किंचाळली. सासूबाईंनी बोट काढून नाकाजवळ नेलं.

"खाली काय झालं व हे? सोललं काहून?"

दोघंही माझ्याकडे पाहत होते. खरं सांगायला जागा होती, दादा समोर उभा होता. मी म्हटलं, "खारकेनं."

सासूबाईंनी स्वतःच्या हाताने ओवलेला दोरा तिच्या गळ्यातून तोडला आणि खारीक कुंपणापलीकडे फेकली. "माह्याच हातानं केलं व म्या," म्हणाल्या. दिवसभर त्या तेच म्हणत राहिल्या. मी तेही म्हणू दिलं.

दादाने वाटी आणली. तो आजही धडधाकट आहे, नातवंडांना खेळवतो. तंबाखूने त्याचे स्वतःचे वरचे दात मात्र गेले. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली.

मुलीची हिरडी आठ दिवसांत भरली, पावसाळ्याच्या तोंडाशी खालचे दातही आले. पुढे तिला वरणभात भरवायचा तो त्याच वाटीत कालवायचा. सासूबाईंच्या बोटाने ती भराभर खायची. माझं बोट जवळ आलं की ओठ मिटायची. म्हणून मी तिला चमच्याने भरवू लागले. सासूबाई काकींना कौतुकाने सांगायच्या, "आमची सून चौथी शिकली हाय न. बोटं नाही लावत लेकराच्या तोंडाले."