उमेशचे पहारेकरी

उमेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यालाच उत्तर लिहीत होतो. आदल्या दिवशीचा वाद अर्धवट राहिला होता. आमच्या गेममध्ये मेलेले सैनिक वेताळ होऊन उठावेत की नाही, हा तो वाद. मी तावातावाने मुद्दे मांडत होतो आणि तिकडे इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या घरी तो चहा घेता घेता कोसळला होता. "भाऊजी, हे गेले हो," एवढंच वैशालीवहिनी म्हणाल्या. माझं उत्तर तसंच राहिलं...

एचएसआर लेआउटमधल्या एका लहानशा कंपनीत आम्ही संगणकावरचे युद्धाचे गेम बनवायचो. मी पुण्याचा, तो निपाणीचा. हा गेम दख्खनमधल्या एका काल्पनिक किल्ल्याच्या वेढ्याचा होता आणि उमेशला त्यात सगळं खरं हवं असायचं. वैरण संपली की घोडा बसणार, पावसात दारू भिजली की तोफ गप्प. मी वैतागायचो, "अरे, लोक लढायला येतात, गवत कापायला नाही!" त्यावर तो शांतपणे म्हणायचा, "उपाशी घोडं पळवून दाव की मला." वेताळांचं नाव काढलं की मात्र त्याचा पारा चढायचा. "मेलेलं उठाय लागलं तर जित्याची काळजी कोण करंल? मग लढाईत राहिलं काय?"

पहाऱ्याची कल्पना त्याचीच. एका बुरुजावरून "हुश्शाऽर!" अशी हाक जायची, पुढच्या बुरुजावरून तसंच उत्तर यायचं. उत्तर आलं की पहारेकरी निश्चिंत. आलं नाही तर तिथला माणूस मेला, हे खेळणाऱ्याने ओळखायचं. आवाजासाठी नट मिळेपर्यंत आपल्यापैकीच कुणीतरी आवाज देऊन वेळ मारून न्यायची, अशी आमच्याकडची रीत. उमेशने मीटिंगच्या खोलीत डोक्यावरून घोंगडी घेऊन त्या हाका दिल्या आणि घामाघूम होऊन बाहेर आला. नट काही कधी आला नाही.

तो गेल्यावर गेम बाजारात आणणाऱ्यांनी वेताळसेनेचा आग्रह धरला. अडवायला आता कुणी नव्हतं. वेताळ मीच बनवले. पडलेल्या सैनिकांच्याच नकला होत्या त्या, रंग तेवढा राखाडी केला. पहिल्यांदा चालवून पाहिलं तेव्हा लख्ख ऊन होतं, सगळे कॉफी पीत उभे होते. खंदकातून पहिला वेताळ उठला आणि उमेशच्या आवाजात ओरडला, "हुश्शाऽर!" सैनिकाबरोबर त्याचा आवाजही उचलला गेलाय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग दुसरा, तिसरा, सगळा खंदक... आणि तटावरचे जिवंत पहारेकरी, तेही उमेशच्याच आवाजात, त्यांना उत्तर देऊ लागले. उत्तर मिळालं म्हणून निश्चिंत झाले. मेलेले तटावर चढत होते आणि किल्ल्यात कुणालाच त्यांची भीती वाटत नव्हती. कॉफी कुणीच संपवली नाही.

पुढच्या आठवड्यात वहिनी त्याचं सामान न्यायला आल्या. "त्यांचा आवाज हाय म्हणं ह्यात. ऐकवा की जरा." मी तटावरच्या हाका ऐकवल्या. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या, किंचित हसल्यासुद्धा. मग म्हणाल्या, "आणि मेलेल्यांचा?" ऑफिसातलं कुणीतरी बोललं असणार. माझ्याने नाही म्हणवेना. खंदकातली पहिली हाक येताच त्यांनी माझा हात घट्ट धरला. "ह्यास्नी गप राहू द्या, भाऊजी. माझ्या माणसाला मेल्यावर बोलाय लावू नका."

"आणि तटावरचा?" मी कसंबसं विचारलं.

"जित्यांचा राहू दे."

मी वरच्या लोकांना सांगून टाकलं, वेताळ मुके राहतील, नाहीतर मी निघालो. त्यांनी बरीच आदळआपट केली, आणि अखेर नाइलाजाने ऐकलं. वादात शेवटी उमेश जिंकला असं मी म्हणणार नाही, वेताळ अजून उठतातच. पण त्याची हाक आता फक्त जिवंत माणसाच्या तोंडून येते.

आता रोज गेम तपासताना ती किल्ल्याभोवती फिरत माझ्या कानावर येते. काल एका बुरुजावरचा पहारेकरी पडला. शेजारच्याने हाक दिली, थोडा थांबला, पुन्हा दिली. उत्तर येणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी न राहवून मी खुर्चीतूनच म्हणालो, "हुश्शार." पलीकडच्या टेबलावरची मुलगी दचकून बघायला लागली. पडद्यावरच्या पहारेकऱ्याला काही ते ऐकू गेलं नाही. तो हाक देत राहिला.